तिकटीवरचा ठेका

श्रावण अर्धा सरला की आमच्या गल्लीत संध्याकाळी पहिला ताशा वाजतो. हात अजून बसलेले नसतात, काड्या अडखळतात, कुणीतरी कुणाला तरी शिवी देतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मी तेव्हा दुकानात तूरडाळ नाहीतर शेंगदाणे जोखत असतो. डाव्या हाताची बोटं पोत्यावर आपोआप चालायला लागतात आणि जबडा आवळला जातो. बायको आतूनच म्हणते, "झालं सुरू तुमचं. आता महिनाभर कुणाशी सरळ बोलू नका." तिचं खरं आहे. भाद्रपद जवळ आला की मी भांडकुदळ होतो. गिऱ्हाइकावर खेकसतो, पोती लाथेनं सरकवतो, आणि अंगात कसलीतरी जुनी मस्ती चढते. त्या मस्तीची मला लाज वाटते, आणि ती चढली नाही तर चुकल्यासारखंही वाटतं.

संगीत ऐकून माणूस शांत होतो असं म्हणतात. होत असेल बिचारा. आमच्या पेठेत नव्वदीच्या दशकात मिरवणुकीतलं वाजप ऐकायला निघालेला माणूस घरातून निघताना चपला काढून बूट घालायचा, कारण बुटात पळायला बरं पडतं. ऐकणारे खांद्याला खांदा लावून उभे असायचे, आणि त्यातला एखादा खांदा जरा जास्त लागला की तिथंच मिटवामिटवी. एकाचं नाक फुटायचं, दुसऱ्याचा सदरा फाटायचा, आणि दोघंही पुढच्या गाण्याला पुन्हा शेजारी उभे. रक्त पुसलेला रुमाल डोक्यावर बांधून नाचणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते गावावर आणि गाण्यावर मनापासून प्रेम करणारे लोक होते, आणि त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं प्रेम करता येत नव्हतं.

मी बेंजो वाजवायचो. बाहेरगावच्या लोकांना बेंजो म्हटलं की काहीतरी गोल वाद्य डोळ्यांसमोर येतं. आमचा बेंजो म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर ताणून बसवलेल्या तारा आणि टाइपरायटरला असतात तशी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या. छेडायच्या कसल्या, सोलायच्या. आवाज मुद्दाम फाटका ठेवायचा, म्हणजे हातगाड्यावरच्या भोंग्यांतून बाहेर पडला की ऐकणाऱ्याच्या अंगावर ओरखडा उठतो. असा बेंजो मधे, भोवती ढोल, ताशा, ढोलकी आणि झांजा, मागे धूर ओकणारा जनरेटर, एवढं सगळं मिळून एक बेंजो पार्टी. जुन्या पेठांत जवळजवळ प्रत्येक तालमीची अशी पार्टी असायची. तालीम म्हणजे कुस्तीचा हौदा, गणपतीचं मंडळ आणि पेठेतल्या सगळ्या रिकामटेकड्यांचं माहेर, हे सगळं एकाच छपराखाली.

माझ्या बेंजोची बटणं दत्तानं केली होती. दत्ता, म्हणजे आमचा दत्त्या, उद्यमनगरात लेथवर टर्नर होता आणि पार्टीत ढोल वाजवायचा. अडीच मणाचा गडी, पण ढोलाच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या चामड्यावर, हात फिरवायला लागला की आजारी वासराला थोपटतोय असं वाटायचं. बाजारातली बटणं माझ्या बोटांखाली आठवड्यात मोडायची. दत्त्यानं कारखान्यात दुपारच्या सुट्टीत बसून पितळेचं एकेक बटण कातून आणलं आणि म्हणाला, "आता काय बी हाण बश्या. बोटं मोडतील, बटणं न्हाईत मोडायची." माझं नाव बसवराज. घरात बसू, बाहेर बश्या. वडील गडहिंग्लजकडून पोतंभर भांडी घेऊन कोल्हापुरात आलेले आणि भुसारी दुकानात स्थिरावलेले. मुलगा गाड्याबरोबर वाजवत हिंडतो म्हणून त्यांनी माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. पण आमची मिरवणूक दुकानावरून गेली की ते काहीतरी निमित्त काढून पायरीवर उभे असायचे.

पार्टीचा म्होरक्या आण्णा. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि संध्याकाळी ताशा. त्याच्या नखांत कायम तांबडा नाहीतर निळा रंग असायचा. आण्णाची शिकवायची पद्धत एकच होती. ताशाची काडी हातात असतेच, चुकलं की ती बोटांच्या पेरांवर. दुसऱ्यांदा चुकलं की कानशिलात. तिसऱ्यांदा चुकायची हिंमत कुणी केली नाही. एकदा माझी चार बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. घरी अव्वानं पाहिलं, अव्वा म्हणजे माझी आई. तिनं हळद लावायला हात पुढे ओढला आणि विचारलं, "कोण मारला रे यप्पा?"

"आण्णानं."

"मग तूच चुकला असशील," म्हणाली आणि हळद जरा जास्तच जोरात चोळली.

तरी सांगतो, त्या दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही. सरावाला बसलो की तालमीच्या खिडक्यांना माणसं लटकलेली असायची. हौद्यातल्या मातीला तेल-ताकाचा आंबूस वास, त्यात घामाचा आणि तापलेल्या जनरेटरचा वास. समोरच्या माडीवरच्या काकू पातेलंभर मिसळीचा कट आणि पाव पाठवायच्या, आणि गाणं आवडलं नाही तर तसं वरूनच ओरडून सांगायच्या. सराव सुटला की सगळे दूधकट्ट्यावर. तिथं म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन आम्ही दुसऱ्या पार्ट्यांची मापं काढायचो. कुणाचा ताशा जड, कुणाची झांज मागे पडते, कुणाच्या बेंजोवाल्यानं सूर चोरला. रिक्षावाले, पानपट्टीवाले, फाउंड्रीतून कामावरून सुटलेले लोक त्यात उतरायचे, आणि प्रत्येकाचं मत शेवटचं असायचं. एकदा एका ढोलकीवाल्याच्या डाव्या हातावरून दोन सख्खे साडू त्या कट्ट्यावर इतके जुंपले की म्हशी दावं तोडून पळाल्या. एवढं गाण्यावर जीव टाकणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

आमच्यात दोन कायदे होते. कुणी लिहून ठेवले नव्हते, पण देवाच्या शपथेसारखे पाळायचे. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन पार्ट्या तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागी, समोरासमोर आल्या की दोघांनी वाजवायचं. लय चढवत न्यायची. जो आधी थांबला तो हरला, आणि पुढं वर्षभर त्याच्या पेठेला गावात मान खाली घालावी लागायची. हा पहिला कायदा. दुसरा असा, की वाजवताना आपली काठी समोरच्याच्या ढोलाला लावायची नाही. आईवरून शिवी दिलेली चालेल, ढोलाला काठी लावलेली चालायची नाही. आण्णा दरवर्षी मिरवणुकीच्या सकाळी नारळ फोडताना तेच बजावायचा, "मारामारी हू दे, आभाळ पडू दे, वाजवायचं थांबायचं न्हाय. थांबला त्यो मेला. आन् काठी आपल्याच ढोलावर." आम्ही माना डोलवायचो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. विसर्जनाचा दिवस, दुपारची वेळ. पन्हाळ्याकडून ढग आले होते, चार थेंब पडून गेले होते आणि रस्त्यावरचा गुलाल भिजून त्याचा तांबडा चिखल झाला होता. आमचा गाडा तिकटीवर पोचला आणि समोरून पलीकडच्या पेठेची पार्टी आली. त्यांचा बेंजोवाला माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आज सांगू शकतो, तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्याचे दात पाडले असते. मी गाड्यावर उंच जागी बसलेलो, दत्त्या माझ्या पायाखाली रस्त्यावर, गळ्यातून काखेत आवळलेल्या पट्ट्यानं ढोल पोटावर बांधलेला.

जुंपली. अर्धा तास झाला असेल. छतांवर, खांबांवर, दुकानांच्या पाट्यांवर माणसं. दोन्हीकडचे ताशे एकमेकांवर तुटून पडलेले, भोंग्यांच्या आवाजानं कपाळाची शीर उडत होती. माझ्या उजव्या हाताचं बोट तारेनं कापलं होतं आणि रक्त पेटीवर ठिबकत होतं, पण दुखत काहीच नव्हतं. मी जे वाजवीन त्याला दत्त्या खालून असा ठेका देत होता की जमीन मला उचलून धरतेय असं वाटावं. त्या आनंदात दत्त्या वाजवत वाजवत दोन पावलं पुढं गेला, समोरच्या ढोलवाल्याच्या डोळ्यांत बघून हसला, आणि माझ्या गाण्याची सम आली त्या क्षणी त्यानं आपली काठी समोरच्याच्या ढोलावर टिचकीसारखी ठेवली. खोडी काढावी तशी. सम इतकी सुंदर आली होती की त्याला राहवलं नाही. ढोलवाल्यांनाच कळेल अशी ती चूक होती.

पुढचं फार झटपट झालं. झेंड्यांचे बांबू खाली आले. दत्त्याला कुणीतरी मागून ओढलं आणि तो पाठीवर पडला. पट्टा आवळलेला, पोटावर ढोल, त्यामुळे उताण्या कासवासारखी त्याची गत झाली. त्याला उठता येईना, कूस बदलता येईना. तो उजवा हात चेहऱ्यावर आडवा धरून पडला आणि तिघं-चौघं त्याच्यावर बांबू घालू लागले. आमचे बाकीचे लोक गाड्याच्या मागे होते. त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना ऐकू येत होता तो माझा बेंजो, आणि बेंजो चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून ते नाचत होते. सगळ्या तिकटीवर उंचावर बसून समोरचं पाहणारा मी एकटा होतो. मी थांबलो असतो तर दोन श्वासांत सगळ्यांना कळलं असतं आणि माणसं धावली असती.

मी थांबलो नाही. आणि मग मला दिसलं की बांबू माझ्या ठेक्यावर पडतायत.

मारणारेही शेवटी आमच्यासारखेच होते, लहानपणापासून ताशा ऐकत वाढलेले. त्यांना बेतालात मारता येत नव्हतं. समेवर सगळे बांबू एकदम, मधल्या मात्रांना एकेक. ढोलाच्या पानावर पडला की घुमायचा, हातावर पडला की बोथट आवाज यायचा. दत्त्याचं तोंड उघडं होतं, तो ओरडत होता, पण भोंग्यांपुढं काय ऐकू येणार? समोरच्या बेंजोवाल्याचं लक्ष त्या मारामारीकडं गेलं, त्याचा हात जरासा ढिला पडला. मला कळलं की आता तो पडणार. मी लय चढवली. बांबूही चढले.

हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहितोच. मला मजा येत होती. माझ्या आयुष्यात मी त्या दोन मिनिटांइतकं चांगलं कधी वाजवलं नाही, आणि ते मला वाजवतानाच कळत होतं. समोरचा बेंजो बंद पडला. लोकांनी मला गाड्यावरून उचलून खांद्यावर घेतलं, तोंडात पेढा कोंबला, माझ्यावर गुलालाची अख्खी पिशवी रिकामी केली. त्या खांद्यावरून मी पाहिलं, गर्दी बाजूला झाली होती आणि आण्णा सुरीनं ढोलाचा पट्टा कापत होता. ढोलाचं पान फाटून आत तांबडं पाणी साचलं होतं. मिरवणूक पुढं घाटाकडे निघाली. मीही निघालो.

दत्त्या सरकारी दवाखान्यात दीड महिना होता. उजव्या कोपराचा चुरा झाला होता. हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही आणि कोपरात वाकलाही नाही. ढोल गेला, लेथही गेला. कारखान्याच्या मालकानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं, माल मोजून द्यायला. मी रोज भेटायला जायचो, केळी घेऊन. आण्णा तिथंच त्याच्या खाटेशी सगळ्यांना सांगायचा, "बश्याला काय दिसलं न्हाय. डोळ्यात गुलाल गेलता. तरी गड्यानं वाजवायचं सोडलं न्हाय." हे डोळ्यातल्या गुलालाचं कुणी काढलं मला माहीत नाही. मी तरी काढलं नव्हतं. पण मी ते खोडलंही नाही. पेठेनं ते उचललं, दूधकट्ट्यावर ते घोळून घोळून सांगितलं गेलं, आणि दत्त्या स्वतःही पावण्यारावळ्यांना सांगायचा, "डोळं मिटून जितलाय आमचा बश्या." आणि मी मान डोलवायचो.

नंतर दोन-चार वर्षांत रस्त्यांवर स्पीकरच्या भिंती आल्या. ट्रकवर रचलेले काळे डबे, त्यांचा धक्का छातीत बसतो, खिडक्यांच्या काचा फुटतात, आणि वाजवणारा कुणीच नसतो. बेंजो पार्ट्या एकेक करून मोडल्या. श्रावणात हौस म्हणून ताशा बडवणारी चार पोरं तेवढी गल्लीत उरली. आण्णा गेला, त्यानं रंगवलेल्या पाट्यांवर आता प्लास्टिकचे फलक चढलेत. लोक हळहळतात की जुनं संगीत राहिलं नाही, तेव्हा कशी माया होती, कशी माणसं होती. मी दुकानात बसून ऐकतो. माया होती, यात खोटं काही नाही. त्या मायेच्या हातात बांबू होता एवढंच मला आठवतं.

या वर्षी गल्लीतल्या पोरापोरींनी ढोल-ताशांचं नवं पथक काढलंय. माणसांनी वाजवायचं, भिंती नकोत, असं त्यांचं म्हणणं. ती सगळी दुकानात आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही चार गोष्टी सांगा की आमाला. ती तिकटीवरची जुगलबंदी सांगा." मी तोंड उघडलं. डोळ्यात गुलाल गेला होता, हे वाक्य दहा वर्षं जिभेवर तयार होतं. त्या दिवशी ते बाहेर आलं नाही. एक मुलगी समोरच उभी होती, तिनं ढोलाचा पट्टा गळ्यातून काखेत घेतलेला होता. मी तिला जवळ बोलावलं, तो सोडवायला किती वेळ लागतो ते करून दाखव म्हणालो. तिला जमेना. मी इतक्या जोरात ओरडलो की बायको आतून धावत आली. "आधी ह्यो पट्टा बदला. एका हातानं सुटंल असा. त्याबिगर कुणी गळ्यात ढोल घालायचा न्हाय!" पोरं घाबरून गेली. मी शटर ओढलं आणि भर दुपारी उद्यमनगरात गेलो.

दत्त्या स्टोअरच्या दारात लोखंडी पेटीवर डबा उघडून बसला होता. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. मला बघून सरकला. "ये. जेवलास का?"

"दत्त्या, मला दिसत हुतं," मी म्हणालो. "गुलाल-बिलाल काय गेला न्हवता. मला सगळं दिसत हुतं."

त्यानं घास चावून गिळला. "म्हाईत हाय की."

"काय म्हाईत हाय?"

"तुझं डोळं माझ्याकडंच हुतं. मी खालनं बघत हुतो न्हवं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "ढोलवाला हाय मी बश्या. मला मार बी मोजूनच कळतोय. पहिली आवर्तनं हात शाबूत हुता. ठणकत हुता, पण शाबूत हुता. तू लय चढवलीस, त्याच्या फुडच्या समंला हाड मोडलं."

आत यंत्रं चालू होती. मी उभाच होतो. दहा वर्षं हा माणूस माझ्या घरी सणाला जेवला, माझ्या लग्नात वरातीपुढं चालला, लोकांपुढं माझ्या डोळ्यांत गुलाल घालत राहिला. तेव्हा मला रडावंसं वाटलं नाही, मार खावासा वाटला. मी त्याच्यापुढं गुडघे टेकून बसलो आणि ओरडलो, "मार मला. दत्त्या, ऊठ, मार की लेका!"

दत्त्यानं उजवा हात जरा हलवून बघितला. तो मांडीवरच राहिला.

"ह्यो उठत न्हाय," तो म्हणाला. "आन् डाव्यानं मी जेवतोय."

मग त्यानं डब्याचं झाकण उलटं केलं, डाव्या हातानं त्यात अर्धी भाकरी आणि भाजी काढली आणि माझ्यापुढं सरकवली. मी तिथंच जमिनीवर बसून ती खाल्ली.